शनिवारचा कैदी

नामिक आयुष्यात कधी तुरुंगात गेला नव्हता. ऐंशी वर्षं पूर्ण होईपर्यंत तरी नाही. मग एका मे महिन्यात, शनिवारी सकाळी, आपल्याच सोफ्यावर बसल्या बसल्या तो तुरुंगात गेला. जून उजाडेपर्यंत त्याची शिक्षा आठ वर्षांची झाली.

हे सगळं झालं ते घर न बदलल्यामुळे.

अल्बानियाच्या राजधानीत, तिरानात, आता जुनं घर कोणाकडे उरलेलं नाही. कम्युनिस्ट सरकार पडलं, सीमा उघडल्या, मुलं ग्रीसला आणि जर्मनीला गेली, तिकडून पैसे यायला लागले, आणि लोकांनी पहिलं काम कुठलं केलं असेल तर घरातलं जुनं सगळं जिन्यावरून खाली नेऊन टाकलं. बाल्कन्यांना काचा लागल्या. छताला जिप्समची नक्षी आली. नामिकने एक खिळासुद्धा हलवला नाही. सोफा सरकारी कारखान्यातला, दिव्याची काळी बटणं तीच, टीव्ही तोच, टीव्हीवर लुमेने विणलेला पांढरा रुमाल तोच, आणि रुमालाच्या मधोमध परदेशी पेयाचा रिकामा डबा तोच. इमारतीतले लोक त्याला चिक्कू म्हणत.

मग ऑर्नेला आली आणि त्याच चिक्कूपणाला लोक 'वारसा' म्हणायला लागले.

ऑर्नेला परदेशी पाहुण्यांना शहरातून पायी हिंडवते. ज्या चौकात पुतळा होता आणि आता नाही, तो चौक. जमिनीतून वर आलेले काँक्रीटचे बंकर. जिथे एके काळी फक्त पुढारी राहत आणि आता फक्त बार आहेत, ती वस्ती. आणि शेवटी खऱ्या माणसाच्या खऱ्या घरी कॉफी. आधीचं खरं माणूस म्हणजे एक म्हातारी होती, ती मुलीकडे जर्मनीला निघून गेली. नव्याच्या शोधात ऑर्नेला इमारतीखालच्या बारमध्ये शिरली. डॉमिनो खेळणाऱ्यांनी मान वर न करता बोटं वर केली.

"दुसरा मजला. नळाचा वॉशरसुद्धा बदललेला नाही त्याने."

ऑर्नेला तिशीची. तिचं नाव इटालियन, कारण तिच्या आईने चोरून इटालियन टीव्ही पाहिला होता. तिला स्वतःला मात्र इटालियन येत नाही. तिची पिढी इंग्रजी शिकली.

"नामिककाका, तुम्ही फक्त बोलायचं," ती म्हणाली. "आठवेल ते. मी भाषांतर करीन."

"आणि हे लोक आपलं घर बघायला तिकीट काढणार?" लुमेने विचारलं. लुमे म्हणजे नामिकची बायको. पन्नास वर्षं ती त्याची कॉफी उकळते आहे.

"घर आणि कॉफी, लुमेमावशी. दोन्ही."

"माझी कॉफी? बघ रे माणसा. तू एवढी वर्षं फुकट पितोस आणि वर तोंड वाकडं करतोस."

पहिल्या शनिवारी नामिकने दुधाच्या रांगेची गोष्ट सांगितली. पहाटे दुकान उघडायच्या आधी आपल्या जागी पिशवीत दगड घालून ठेवायचा आणि घरी येऊन झोपायचं. तुमच्या जागी तुमचा दगड उभा. पाहुण्यांना दगड आवडला, पण थोडाच वेळ. दुसऱ्या शनिवारी त्याने रॉकेलच्या रांगेची गोष्ट सांगितली. एक जण मोबाइल बघत होता, एक जण जांभई दाबत होता. मग एका बाईने हळूच विचारलं, "तुम्हाला फार त्रास झाला का हो?"

"थोडाफार," नामिक म्हणाला.

खोलीतली हवाच बदलली. मोबाइल खाली गेला. जांभई देणारा पुढे सरकून बसला. आपलं बोलणं ऐकायला कोणी पुढे सरकतं आहे, असं नामिकने जन्मात पाहिलं नव्हतं. तो इमारतीत कोणीतरी होता तेव्हा तो बोलायला लागला की लोक मागे सरकायचे.

पुढच्या शनिवारी त्रास थोडा वाढला. त्याच्या पुढच्या शनिवारी दारावर थाप पडली. मग त्याला नेलं. मग खटला. मग डोंगरातली तांब्याची खाण, तिथला बर्फ, फाटक्या बुटांतली बोटं. गुन्हा काय? तर त्याने रिकाम्या डब्यापासून परदेशी लहरी पकडणारं यंत्र बनवून टीव्हीवर इटलीचा गाण्यांचा महोत्सव पाहिला. एवढं सांगून तो टीव्हीवरच्या त्या डब्याकडे बोट करायचा. फोटो निघायचे.

"तो डबा माझ्या भावाने ग्रीसहून आणला," लुमे स्वयंपाकघरातून आपल्या भाषेत म्हणायची. "सरकार पडल्यावर."

"काय म्हणाल्या त्या?" पाहुणे विचारायचे.

"त्यांना अजून आठवतं, म्हणतात," ऑर्नेला सांगायची. तिला वाटायचं, मावशी थट्टा करताहेत.

शेवटी कोणीतरी विचारायचंच: तुमची खबर कोणी दिली, ते कळलं का? नामिक खाली बघायचा. "शेजाऱ्याने." तो शेजारी आहे अजून? "आहे. याच इमारतीत. रोज दिसतो." मग तुम्ही त्याला... इथे नामिक उजवा हात छातीवर ठेवायचा, थांबायचा, आणि म्हणायचा, "मी त्याला माफ केलं."

टाळ्या. एकदा ऑस्ट्रेलियातून आलेली एक बाई रडली. तिने नामिकचे दोन्ही हात धरले. नामिकच्याही डोळ्यांत पाणी आलं आणि ते खोटं नव्हतं. त्याला खरोखर हलकं वाटलं होतं.

हलकं वाटणारच. खबर देणारा शेजारी तोच होता. दर शनिवारी अकराच्या सुमाराला तो स्वतःला माफ करत होता आणि त्यावर टाळ्या पडत होत्या.

*

गोष्ट रेफातची होती. रेफात तिसऱ्या मजल्यावर राहायचा, कापडगिरणीत इलेक्ट्रिशियन होता. नामिक तेव्हा इमारतीच्या समितीचा प्रमुख. गच्चीची किल्ली त्याच्या कमरेला. कोणाचा अँटेना कुठल्या दिशेला तोंड करून उभा आहे हे बघणं त्याचं काम, आणि समुद्राकडे तोंड केलेला अँटेना म्हणजे इटलीकडे तोंड. रेफातचा अँटेना कायम शहाण्यासारखा डोंगराकडे बघत असायचा. खरं यंत्र त्याने बाल्कनीत, वाळत घातलेल्या कपड्यांमागे दडवलं होतं. गच्चीवरून ते दिसायचं नाही. म्हणून नामिक दाराशी ऐकायला लागला.

ऐकलं, आणि लिहून दिलं. रेफातला आठ वर्षं. त्याची बायको सानिये आणि लहान मुलगी हद्दपार, दलदलीच्या मुलखातल्या एका गावात, शेतावर. रेफात सुटून आला तो खोकत आला, आणि फार दिवस खोकला नाही.

सरकार पडल्यावर सानिये त्याच इमारतीत परत आली, तळमजल्यावर भावाच्या घरात. तिसऱ्या मजल्यावर तोवर दुसरेच कोणी राहत होते. नामिक दुसऱ्यावर होता, जिथे होता तिथेच. कोणी त्याला काही विचारलं नाही. विचारायचं म्हटलं तर सगळ्यांनाच सगळं विचारावं लागलं असतं. त्यानेही नव्या पक्षाचं निळं निशाण बाल्कनीत लावलं, आणि पुढे दुसऱ्या पक्षाचं.

सानियेने फक्त एक गोष्ट केली. ती नामिकच्या घरची कॉफी प्यायची नाही. आपल्याकडे सुख असो, मरण असो, कॉफीशिवाय होत नाही, आणि समोर आलेली कॉफी न पिणं म्हणजे काय हे शेंबड्या पोरालाही कळतं. लुमेची आई गेली तेव्हा सानिये वर आली, लुमेच्या गळ्यात पडली, रीतीप्रमाणे बसली. समोर कप ठेवला. त्यावर साय धरली तरी तिने हात लावला नाही. उठताना म्हणाली, "लुमे, तुझं दुःख मोठं. कॉम्रेड नामिक, येते."

कॉम्रेड हा शब्द सगळ्या शहराने केव्हाच टाकून दिला होता. सानियेने तो एका माणसापुरता जपून ठेवला होता.

पाहुण्यांसमोर रेफातची गोष्ट सांगताना नामिकला तिची भीती वाटली नाही का? वाटली असती. पण गोष्ट इंग्रजीत जात होती. इंग्रजीत गेलेली गोष्ट विमानात बसून निघून जाते, असं त्याला वाटायचं. पहिल्यांदा ती आपल्याच भाषेत त्याच्या तोंडून बाहेर पडते हे तो विसरला. आणि मग उन्हाळा आला, सगळ्यांच्या खिडक्या उघडल्या.

*

"खाली बघ," लुमे म्हणाली.

जुलैचा शनिवार. नामिक इस्त्रीचा शर्ट घालून तयार होता. त्याने बाल्कनीतून डोकावलं. ऑर्नेलाची पिवळी छत्री कोपऱ्यावरून वळली. मागे टोप्या घातलेले, पाण्याच्या बाटल्या धरलेले लोक. आणि त्यांच्यात, लग्नाला नेसतात तसा निळा पोशाख, पायात नातवाचे पांढरे बूट, खांद्याला पर्स: सानिये. एका म्हाताऱ्या परदेशी बाईचा हात धरून ती डुलत डुलत येत होती आणि सारखी बोलत होती.

नामिकने डोकं आत घेतलं.

"ही कशाला आलीय?"

"तिकीट काढून आलीय म्हणे. भाचीने मोबाइलवर काढून दिलं," लुमे म्हणाली.

"इथेच राहते ना ती! हे शहर बघायला तिला तिकीट कशाला लागतं?"

"हे घर बघायला लागतं."

"दार लावून घे. सांग, मला बरं नाही."

"तू सांग. आठ वर्षं खाणीत काढलीस, ताप आलाय एवढं तुला सांगता येईल." लुमेने कॉफीचं भांडं चुलीवर ठेवलं.

दार लावायला हवं होतं. पुढे कित्येक दिवस त्याला ते वाटत राहिलं. पण जिन्यात पावलं वाजली, कोणीतरी हसलं, आणि नामिकच्या आत दुसरंच काहीतरी हललं. शनिवार. आठवड्यातली हीच एक सकाळ, जेव्हा कोणी त्याच्याकडे तोंड करून बसतं. मुलगा स्टुटगार्टहून महिन्यातून एकदा फोन करतो आणि आईला द्या म्हणतो. हा शनिवार गेला तर उरला खालचा बार, आणि बारमध्ये त्याला डॉमिनोला घेत नाहीत.

"या, या," तो म्हणाला.

ऑर्नेला हरखलेली दिसली. "नामिककाका, आज आपल्यातल्याच एक मावशी आल्यात! पहिल्यांदाच असं झालं. सबंध वाटभर त्या या आजींना सगळं इटालियनमधून सांगताहेत. आजी इटलीतल्या बारी शहराच्या. यांना इंग्रजी येत नाही, इटालियन गटात जागा नव्हती, मी म्हटलं आता कसं होणार..."

"इटालियन?" नामिक म्हणाला.

"आमच्या घरी शिकायची सोय होती, कॉम्रेड नामिक," सानिये म्हणाली आणि सोफ्याच्या टोकाला बसली.

तिचं इटालियन साबणाच्या आणि पास्त्याच्या जाहिरातींचं होतं. मधूनच ती प्रश्नमंजूषेच्या निवेदकासारखी आवाज चढवायची. बारीच्या आजीला ते इतकं आवडलं होतं की तिने सानियेचा दंड सोडला नव्हता. त्या समुद्राच्या एका काठावर जे गाणं लागायचं, ते दुसऱ्या काठावर लोक गोधडीखाली ऐकायचे, हे तिला आजच कळलं होतं.

कॉफी आली. लुमेने सानियेसमोरही कप ठेवला. सानियेने पर्समधून लहानसा थर्मास काढला आणि झाकणात आपली कॉफी ओतली.

"डॉक्टरांनी सांगितलंय," ती ऑर्नेलाला म्हणाली. "बाहेरचं नको."

नामिकने ठरवलं, आज दुधाची रांग. फक्त दगड. दगडात काही वावगं नाही. त्याने दगडाला सुरुवात केली. पण मागच्या बाकावरचा एक दाढीवाला हात वर करून म्हणाला, "आणि अँटेनाची गोष्ट? आम्ही ती इंटरनेटवर वाचून आलोय." लोकांनी माना डोलावल्या. ऑर्नेलाने त्याच्याकडे आर्जवाने पाहिलं.

नामिकने सानियेकडे पाहिलं. ती चेहऱ्यावर कसलाही भाव न आणता कॉफी पीत होती.

असं काही असतं माणसात, की तोंड उघडलं की पाठ केलेलं आपोआप येतं. नामिक बोलायला लागला. आधी अडखळत. मग पुढे सरकलेली गुडघ्यांची रांग दिसली आणि आवाज जागेवर आला. गोष्टीतली त्याची सर्वांत आवडती जागा जवळ येत होती. तिथे तो नेहमी डोळे मिटायचा.

"जिन्यात काळोख," तो म्हणाला. "दाराखालून निळा उजेड येतोय. पाण्यासारखा हलतोय. आतून गाणं ऐकू येतंय, पण कसं? विहिरीत बसून कोणी गावं तसं. टीव्हीवर गोधडी टाकलेली असणार. आणि तळलेल्या मिरच्यांचा वास. तो वास अजून माझ्या नाकात आहे."

ऑर्नेला हे दर शनिवारी इंग्रजीत करायची आणि सुंदर करायची. तिच्या इंग्रजीत जिना नव्हता. निळा उजेड होता, दबलेलं गाणं होतं, मिरच्या होत्या. दार आणि काळोख तिने आपणहून गाळले होते, त्याशिवाय वाक्य छान बसत नव्हतं.

सानियेने मात्र काहीच गाळलं नाही. जाहिरातीचं इटालियन सरळ असतं. तिने जिना सांगितला, दार सांगितलं, दाराखालची फट सांगितली.

बारीच्या आजीने कपाळाला आठी घातली. सानियेला काहीतरी विचारलं. सानियेने मान हलवली, म्हणजे हो, मी बरोबर सांगितलं. आजीने पुन्हा विचारलं, या वेळी नामिककडे बोट करून.

"काय म्हणतात आजी?" ऑर्नेला म्हणाली.

सानियेने थर्मासचं झाकण पुसलं, घट्ट लावलं, थर्मास पर्समध्ये ठेवला. मग खोलीत सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, आपल्या भाषेत म्हणाली:

"कॉम्रेड नामिक, या बाई विचारतात, टीव्ही तुझा, घर तुझं, गाणं तू ऐकत होतास. मग तू जिन्यात काय करत होतास?"

कोणीतरी कप बशीत ठेवला.

"मी... मी कामावरून येत होतो," नामिक म्हणाला.

"आपल्या घरी येत होतास?"

"हो."

"मग दार का नाही वाजवलंस?"

"ते... ती दुसरी रात्र होती. दोन रात्री मी एकत्र..."

"आणि गोधडी टाकलेली 'असणार'? आपल्या घरच्या टीव्हीवर गोधडी आहे की नाही हे माणसाला माहीत नसतं?"

"सानिये, इतक्या वर्षांनी..."

"गोधडी लाल होती," सानिये म्हणाली. "तुला कशी माहीत असणार? तुला फट दिसत होती."

नामिकने लुमेकडे पाहिलं. लुमे रिकामे कप गोळा करत होती. तिने ट्रे उचलला, स्वयंपाकघरात गेली आणि आतून दार लावलं. पन्नास वर्षांत त्या दाराची कडी तिने कधी लावलेली त्याने ऐकली नव्हती.

ऑर्नेला छत्री हातात धरून उभी होती. तिला अजून नीट कळलं नव्हतं, की कळलं होतं आणि ती कळू देत नव्हती, सांगता येणार नाही. गेले दोन महिने हीच गोष्ट आपण आपल्या सर्वांत सुंदर इंग्रजीत सांगत आलो, एवढंच तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

सारवासारव करायला नामिककडे अजून दोन-तीन वाटा होत्या. त्याने त्या चाचपून पाहिल्या. पण ती परदेशी म्हातारी त्याच्याकडे बघत होती, रागाने नव्हे, साध्या कुतूहलाने, रस्ता विचारल्यावर बघतात तशी.

"मी बाहेर होतो," तो म्हणाला. "दाराबाहेर."

पाहुण्यांनी ऑर्नेलाकडे पाहिलं.

"कर ना भाषांतर," सानिये ऑर्नेलाला म्हणाली. "मी तिकीट काढलंय, पोरी."

ऑर्नेलाने भाषांतर केलं. या वेळी तिच्या वाक्यात दार होतं.

मागच्या बाकावरच्या दाढीवाल्याने सवयीने टाळी वाजवली. एकच. मग त्याचे हात हवेत तसेच राहिले. बारीच्या आजीने आपली कॉफी संपवली आणि साखर कमी होती असं सानियेला सांगितलं. एका मुलीने विचारलं, आता फोटो काढला तर चालेल का.

उठताना सानियेने पोशाख झटकला. दारात वळून म्हणाली, "आणि माफी कोणी कोणाला दिली म्हणायची ती? खालच्या खिडकीतून मला नीट ऐकू आलं नव्हतं."

*

आता संपलं, असं नामिकला वाटलं. रविवारी तो बाहेर पडला नाही. सोमवारी लुमेने त्याच्यापुढे पाव आणि चीज ठेवलं, कॉफी ठेवली नाही.

"कॉफी?"

"स्वतः उकळ. आतापर्यंत मी तुझ्या खोटेपणासाठी उकळत होते."

"तुला सगळं माहीत होतं ना? मग गप्प का बसलीस एवढी वर्षं?"

लुमेने चीजवर झाकण ठेवलं. तिचाही एक वाटा होता त्यात, आणि तो तिने कोणाला सांगितलेला नाही.

मंगळवारी ऑर्नेला आली. तिच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं. मोबाइल हातात धरून ती दारातच उभी राहिली.

"नामिककाका, त्या दाढीवाल्याने इंटरनेटवर लिहिलंय सगळं. 'खऱ्या खबऱ्याचं खरं घर.' कंपनी म्हणते, पुढच्या चार शनिवारच्या सगळ्या जागा भरल्या. म्हणतात, आता तुम्ही हेच सांगायचं. कबुली." ती थांबली. "मी नाही म्हटलं त्यांना. तर म्हणाले, मग दुसरी मुलगी बघू."

नामिकला काय वाटलं हे लिहायलाही लाज वाटते. त्याला बरं वाटलं. क्षणभर त्याच्या मनात आलंसुद्धा, की कबुली देताना हात छातीवर ठेवायचा का कपाळाला लावायचा.

"सानियेला विचारलंस?" लुमे आतून म्हणाली.

ऑर्नेला खाली गेली. नामिक जिन्याच्या कठड्याशी आला. खालून भाजलेल्या मिरच्यांचा वास येत होता. त्याने श्वास रोखून धरला.

"मी सांगेन," सानियेचा आवाज आला. "माझी गोष्ट आहे, मीच सांगेन. वरतीच सांगेन, त्याच सोफ्यावर. रेफातचं घर आता परक्यांचं आहे. लुमेला चालणार असेल तर."

"लुमेमावशींना चालेल, त्यांनीच मला पाठवलंय. आणि नामिककाका?"

"तो आत बसणार नाही."

"मावशी, घर त्यांचं आहे. ते बसणार कुठे?"

"जिन्यात," सानिये म्हणाली. "तिथून त्याला चांगलं ऐकू येतं." मग तिने आवाज चढवला, अगदी निवेदकासारखा. "येतंय ना ऐकू, कॉम्रेड?"

नामिक कठड्यापासून मागे झाला.

शनिवारी माणसं आली. नेहमीपेक्षा दुप्पट. नामिकने इस्त्रीचा शर्ट घातला होता. कॉफी त्याने स्वतः उकळली, दोनदा उतू गेली. ऑर्नेलाने त्याच्याकडे न बघता दार लोटून घेतलं.

तो ट्रे घेऊन जिन्यात उभा राहिला. सानियेने आत यायला सांगितलं की कॉफी न्यायची, असं ठरलं होतं. वरच्या मजल्यावर कोणीतरी रेडिओ लावला होता, तो बंद झाला. दाराखालच्या फटीतून उन्हाची रेघ पायरीवर आली होती. आतून सानियेचा आवाज येत होता, मग ऑर्नेलाचा, पुन्हा सानियेचा. तो मोठ्याने हसण्याचा आवाज कसला? रेफात टीव्हीला चापटी मारून हसायचा, ते सांगत असणार. रेफातला हसताना नामिकने कधी पाहिलं नव्हतं. ऐकलं होतं.

मग कोणीतरी इंग्रजीत विचारलं. नामिकला इंग्रजी येत नाही, पण हा प्रश्न त्याला पाठ होता. दर शनिवारी, याच वेळी, हाच. माफ केलंत का?

ऑर्नेलाने भाषांतर केलं.

सानियेने उत्तर दिलं, पण हळू. नामिकने ट्रे एका हातावर घेतला, पुढे झुकला. नीट ऐकू येईना. तो अजून झुकला आणि त्याने दाराला कान लावला, डावा, त्याचा तोच कान चांगला होता.

दार आतून उघडलं. कप घरंगळले, एक फुटला. लुमे उंबऱ्यात उभी होती. तिच्यामागे सगळे त्याच्याकडे बघत होते, पुढे सरकून.

"काय म्हणाली ती?" नामिकने कुजबुजत विचारलं. "लुमे, काय म्हणाली?"

लुमेने ट्रेमध्ये बोट बुडवून पाहिलं.

"गार झालीय," ती म्हणाली. "दुसरी उकळून आण." आणि तिने दार लावून घेतलं.